मुळाला शेंडा म्हटलं तेव्हा

माझ्या बाबांना आयुष्यात एक गोष्ट कधीच सहन झाली नाही, ती म्हणजे दुसऱ्याने चुकीचं बोललेलं. रिक्षावाला रस्त्याचं नाव चुकला, तर ते उतरता उतरता त्याला बरोबर नाव सांगायचे. कुणाच्या लग्नाची पत्रिका आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे, मग तारीख बघायचे. आई म्हणायची, यांना आहेर नको, लाल पेन द्या. हा स्वभाव माझ्यात जसाच्या तसा उतरलाय. फरक इतकाच की मला त्याचा पगार मिळतो. मी कल्याणला राहते आणि तिथल्याच एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते.

अशा माणसाचे शब्द जावेत, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

गेल्या थंडीत एका सकाळी डोंबिवलीच्या घरी बाबा दाढी करत होते. रेझर हातातून गळून पडला. आई धावत आली तेव्हा ते खुर्चीत तिरके झाले होते आणि काहीतरी सांगू बघत होते, पण तोंडातून नुसता आवाज येत होता. अर्धांगाचा झटका. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय ओढत का होईना चालायला लागले होते, उजवा हातही थोडाफार उचलत होते, पण बोलणं परत आलं नव्हतं. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं की त्यांना सगळं कळतं, शब्दही आत आहेत, फक्त हवा तो शब्द हवा तेव्हा सापडत नाही. संध्याकाळी आई देवाजवळ स्तोत्र म्हणायला लागली की बाबा तिच्याबरोबर एक अक्षर न चुकता म्हणायचे. स्तोत्र संपलं की पुन्हा गप्प. पाण्याचा पेला समोर असायचा आणि पाणी म्हणता यायचं नाही. अशा वेळी मी खिडकीबाहेर बघायचे, कारण त्यांच्या चेहऱ्याकडे बघवायचं नाही.

ठाण्याला, खोपटच्या एसटी डेपोजवळ, बोलणं पुन्हा शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा, पण धीर फार. त्यांनी आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. एक, बाबांच्या आवडीच्या गोष्टींतले छोटे छोटे शब्द घ्या आणि ती वस्तू समोर ठेवून विचारा. दोन, ते शब्द शोधत असतील तेव्हा थांबा, तुम्ही बोलून टाकू नका, आणि मागितल्याशिवाय हातात काही देऊ नका.

पहिली गोष्ट सोपी होती. बाबांची आवड म्हणजे घरामागची जागा. आमचं घर तळमजल्यावर. मागे, इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधे, दोन साड्या वाळत घालता येतील एवढी माती. आमचं मूळ कोकणातलं, त्यामुळे एवढीशी माती मोकळी ठेवणं बाबांना पापासारखं वाटायचं. मोरीचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे अळू, भिंतीवर दुधीचा वेल, कढीपत्ता, गवती चहा, मोगरा, आणि तेलाच्या डब्यांत मिरच्या. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांचा सगळा दिवस तिथेच जायचा.

मी आधी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. शाळेतला तक्ता आणला. वनस्पतीचे अवयव: मूळ, खोड, पान, फूल, फळ, प्रत्येकाला बाण. बाबांसमोर तो धरून मी छडीने एकेक दाखवायला लागले, अगदी पाचवीच्या वर्गात दाखवते तशी. बाबांनी थोडा वेळ बघितलं, तक्ता माझ्या हातातून काढून घेतला आणि पालथा करून टेबलावर ठेवला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, बरं झालं. मला भयंकर राग आला. राग आला की माझं डोकं बरं चालतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना मागे नेलं, स्टुलावर बसवलं, आणि एका डब्यातलं मिरचीचं रोप मातीतून अलगद उपटलं. पांढऱ्या मुळ्या लोंबत होत्या. त्या त्यांच्या नाकासमोर धरून मी म्हटलं, "बाबा, हा मिरचीचा शेंडा बघा किती छान आलाय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू माझं सगळं शिक्षण पाण्यात गेलंय. मी तोच शेंडा, तोच शेंडा करत राहिले. वर्गात मी ही युक्ती नेहमी वापरते. मुलांना प्रश्न विचारला तर ती गप्प बसतात, पण बाईंची चूक दिसली की शेवटच्या बाकावरचाही हात वर जातो. बाबांचा डावा हात गुडघ्यावर आपटायला लागला. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. आई दारात येऊन उभी राहिली आणि मला रागावली, की आजारी माणसाची चेष्टा करतेस, लाज नाही वाटत. तेवढ्यात बाबा म्हणाले, "मू... मूळ."

आणि मग, जसं काही मधले महिने गेलेच नव्हते अशा सुरात, "मूळ. मूळ."

आई तिथेच उंबरठ्यावर बसली. मी रोप परत मातीत लावलं, बाजूची माती दाबली, पाणी घातलं. मला रडायचं नव्हतं, म्हणून गरजेपेक्षा जास्तच पाणी घातलं. बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरून तांब्या वर करायला लावला. जास्त पाणी झालं की मुळं कुजतात हे त्यांना शब्दांशिवाय सांगता येत होतं.

त्यानंतर शाळा सुटली की मी डोंबिवलीला यायचे आणि आमचा उलटा वर्ग भरायचा. मी सगळ्याला चुकीची नावं द्यायची आणि त्यांनी मला सुधारायचं. देठाला मी खोड म्हटलं. कळीला फळ म्हटलं. खोडाला जिथून पान फुटतं ते पेर आणि दोन पेरांमधलं ते कांडं, हे मी पोरांकडून दरवर्षी घोकून घेते. तेच मी इतक्या निगरगट्टपणे उलटं करून सांगितलं की बाबांनी गवती चहाचं जाडसं ताट माझ्या हातात कोंबून प्रत्येक पेरावर अंगठ्याचं नख टेकवलं. पेर. पेर. पेर. पानाच्या बगलेत जो बारीक फुगवटा असतो, ज्यातून पुढे फांदी निघते, त्याला आमच्या पुस्तकात कक्षस्थ कलिका म्हणतात. बाबा त्याला डोळा म्हणतात, आणि खरं सांगायचं तर तो शब्द जास्त चांगला आहे. तो त्यांना एकाच दमात आला.

मेथी पेरली, तेव्हा आधी दोन गुळगुळीत पानं वर आली. ही मेथीची पानं, असं मी जाहीर केलं. बाबांनी मान हलवली. ती बियांच्या आतली दलं, रोपाची शिदोरी. खरी पानं त्यानंतर येतात, हे मला माहीत होतंच, पण ते त्यांच्याकडून निघायला हवं होतं. बराच वेळ ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "खोटी." काही दिवसांनी तीन-तीन पानांची पहिली जुळणी आली तेव्हा मी न विचारताच बाबा म्हणाले, "खरी."

दुधीवर आईचा वेगळाच राग होता. फुलं भरपूर, पण सगळी गळून पडतात आणि दुधी काही धरत नाही. मी एक फूल तोडून दाखवलं आणि म्हटलं, हे मादी फूल. बाबा उठलेच. भिंतीला धरून वेलापर्यंत गेले, पानं बाजूला केली आणि दुसरं एक फूल दाखवलं, ज्याच्या मागे बोटभर दुधी आधीच धरलेला होता. ते मादी. माझ्या हातातलं, सडपातळ दांड्याचं, ते नर. वेलाला आधी नर फुलं येतात, मादी मागाहून. मग त्यांनी ते नर फूल माझ्याकडून घेतलं, पाकळ्या मागे केल्या आणि आतला पराग मादी फुलाला हलकेच टेकवला. डाव्या हाताने. त्यांचा हात तेव्हा अजिबात हलला नाही. आई माझ्या मागून बघत होती. ती म्हणाली, "हे मला कधी दाखवलं नाहीत." बाबा हसले. आजारपणानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

आता मॅडमनी सांगितलेली दुसरी गोष्ट. ती आईला अजिबात जमली नाही.

बाबांची भुवई जराशी वर गेली की आई चहा ठेवायची. त्यांनी खांदा हलवला की तिला कळायचं पंखा कमी करायचा. ते शब्द शोधत डोळे मिटायचे आणि आई स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगायची, "टॉवेल गं, टॉवेल मागतायत." मागे मातीत बसले की बाबा बोलायचे, घरात पाऊल टाकलं की मुके. मी आईवर खेकसायचे. तिला नियम पुन्हा समजावायचे. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या मिनिटाला त्यांच्या हातात चष्मा द्यायची. एकदा मी फारच बोलले, तेव्हा ती भांडी विसळता विसळता म्हणाली, "इतक्या वर्षांत यांना माझ्याकडे काही मागावं लागलं नाही. आता आजारपणात मागायला लावू?"

तरी मी म्हटलं, हो, लावायचं.

माझा धाकटा भाऊ घोडबंदर रोडला राहतो, अठराव्या मजल्यावर, खाली बाग, पोहण्याचा तलाव आणि गेटवर चार रखवालदार. दर रविवारी तो ट्रॅफिकमधे दीड-दोन तास काढून डोंबिवलीला यायचा आणि आल्यावर अर्धा तास त्या ट्रॅफिकबद्दलच बोलायचा. मनाने फार चांगला. बाबांसाठी काय करू नि काय नको असं व्हायचं त्याला. त्याने महागड्या कुंड्या आणल्या, कोकोपीटची पोती आणली. बाबांनी कोकोपीट मुठीत घेऊन वास घेतला आणि भुसा असावा तसं झटकून टाकलं.

पावसाळा सरत आला तेव्हा त्यानेच विषय काढला. बाबांना घेऊन मॅडमकडे गेला असताना त्याने त्यांचं ते दुसरं सांगणं नीट ऐकलं होतं, आणि मीही आईबद्दलच्या तक्रारी त्याच्याकडे कमी केल्या नव्हत्या. "ताई, प्रॅक्टिकल विचार कर ना," तो म्हणाला. "आई समोर असली की बाबा बोलणारच नाहीत. गरजच पडत नाही त्यांना. थोडे महिने माझ्याकडे राहू देत. लिफ्ट आहे, फिजिओवाला घरी येईल, मॅडमचं पण जवळ पडेल. आईला तू कल्याणला ने. तिला पण जरा आराम."

मी विरोध शोधत होते आणि मला सापडत नव्हता, कारण बोलत तो होता पण मुद्दे सगळे माझेच होते. मी हो म्हटलं.

आई म्हणाली, "चालेल. माझं काय, मी कुठेही राहीन." आमच्या घरात आई चालेल म्हणाली की चालणार नसतं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे ते माहीत नसल्यासारखं करतात. बाबांना विचारलं का, तर विचारलं म्हणजे सांगितलं. भाऊ त्यांच्यासमोर जमिनीवर बसला, त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन त्याने सगळं हळूहळू, प्रेमाने सांगितलं. बाबांनी त्याच्या गालावर थोपटलं. आम्ही त्याला होकार समजलो. खरं तर ते लहानपणापासून त्याच्या गालावर तसंच थोपटत आलेत.

मग तयारी सुरू झाली. मुलाच्या गॅलरीत काय काय जगेल याचा बाबांनी विचार केलेला दिसत होता. कढीपत्त्याच्या मुळांतून फुटलेलं एक रोप त्यांनी खुरप्याने मातीच्या गोळ्यासकट वेगळं केलं. गवती चहाचा गड्डा फोडून एक हिस्सा डब्यात लावला. मोगऱ्याचं दाब कलम त्यांनी पावसाच्या सुरुवातीलाच करून ठेवलं होतं. खालची फांदी वाकवायची, एका पेराखाली साल जराशी खरवडायची, तेवढा भाग मातीत पुरून वर वीट ठेवायची. फांदी आईच्या झाडालाच जोडलेली राहते, तिथूनच जेवते, आणि जेवता जेवता स्वतःची मुळं धरते. मग तोडायची. झाडांना माणसांच्या भावना चिकटवू नका, असं मी वर्गात दरवर्षी बजावते, तेव्हा इथेही कुणी त्यातून काही अर्थ काढत बसू नये. बाबांनी वीट काढून फांदी हलकेच ओढून बघितली. ती सैल होती, मुळं अजून धरली नव्हती. त्यांनी "नाही" म्हणून वीट परत ठेवली.

गणपती झाल्यावरच्या रविवारी सकाळी भाऊ गाडी घेऊन आला. डिकीत रोपं ठेवली, बाबांची बॅग ठेवली. आईची बॅग माझ्या हातात होती. आम्ही दोघी रिक्षाने स्टेशनला जाणार होतो. भावाने पुढचं दार उघडून बाबांसाठी सीट मागे केली, पाठीला उशी लावली.

आणि आई त्याला सांगायला लागली. भुवई वर गेली की चहा, पण दुपारनंतर असेल तर चहा नव्हे, खिडकी. डाव्या हाताचा अंगठा बोटांवर घासला की पाय दुखतोय. जेवताना थांबले तर तिखट झालंय असं समजू नकोस, ताक हवं असतं, पण पातळ. आंघोळीनंतर कानात पाणी राहिलं तर मान अशी करतात. रात्री कूस बदलताना उजवा हात अंगाखाली येतो, त्यांना कळत नाही, तो काढून ठेवावा लागतो. भाऊ आधी हो हो म्हणत होता, मग त्याने फोनवर लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि मग त्याचा अंगठा थांबला. आई थांबत नव्हती. ती एक संपलं की दुसरं आठवत होती, आवाज अगदी साधा, जसं काही वाणसामान सांगतेय. मला तिथे उभं राहवेना. वाटलं, आम्ही हे काय चालवलंय.

बाबा गाडीच्या उघड्या दारापाशी उभे राहून सगळं ऐकत होते. मग त्यांनी डाव्या हाताने पुढचं दार लोटून लावलं.

भावाला वाटलं, तोल गेला. तो धरायला पुढे झाला. बाबांनी त्याचा हात बाजूला केला, पाय ओढत मागच्या दारापर्यंत गेले, ते उघडलं आणि आईकडे वळले. त्यांचे ओठ हलायला लागले.

"आ... आ..."

मी ओळखलं की ते शोधतायत. अशा वेळी माझं काम ठरलेलं असायचं, काहीतरी चुकीचं बोलून त्यांना चिडवायचं, पण त्या दिवशी माझ्याकडे कुठलंही चुकीचं नाव तयार नव्हतं. आईने तोंड उघडलं. तिला ते काय म्हणणार हे नक्कीच आधी कळलं होतं, तिला कळत नाही असं काही त्यांच्यात नाहीच. पण तिने हात उचलून स्वतःच्या तोंडावर धरला आणि गप्प राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्यासाठी थांबली. खूप वेळ थांबली. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत होता.

"आम्ही," बाबा म्हणाले. मान हलवली, धाप लागल्यासारखे थांबले. "आम्ही... दोघं."

हा शब्द मी त्यांना शिकवला नव्हता.

भावाने विचारलं, "बाबा, मग माझ्याकडे चलायचं का इथेच राहायचं?" बाबांनी खांदे उडवले. कुठे, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. भाऊ माझ्याजवळ आला, माझ्याकडे न बघता माझ्या हातातून आईची बॅग घेतली आणि डिकीत रोपांच्या शेजारी ठेवली.

बाबा मागच्या सीटवर बसले, कसेबसे, उजवा पाय हाताने आत घेत. आईने पदराने तोंड पुसलं, घराची कडी नीट लागली का ते एकदा वळून बघितलं आणि गाडीपाशी आली.

"सरका जरा," ती म्हणाली.